भाऊ बावीसला उतरतो, लग्न सत्तावीसला

प्रश्न (डिसेंबर २०२१) : माझा धाकटा भाऊ मँचेस्टरला नोकरी करतो. तो, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी २२ डिसेंबरला मुंबईत उतरणार आहेत. आमच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न २७ तारखेला मुलुंडला आहे. बाबा एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. तेव्हा भावाला येता आलं नाही, त्यानं सगळं मोबाइलवर पाहिलं. म्हणून कन्यादान त्यानं आणि वहिनीनंच करायचं असं आईनं ठरवलंय. आता परदेशातून आलेल्यांनी सात दिवस घरात राहायचा नियम आलाय. दोघांचे दोन्ही डोस झालेत. निघताना चाचणी करणार, उतरल्यावर पुन्हा होणारच. नातेवाईक म्हणतात, विमानतळावर निगेटिव्ह आला की झालं, दोन तास मास्क लावून मांडवात बसला तर कोणाला कळतंय? आतेभाऊ म्हणतो, दुबईवरून या आणि फॉर्मवर दुबईच लिहा. आई ६८ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे, दोन्ही डोस मे महिन्यात झालेत. मुलुंडचं घर दोन बेडरूमचं, तिथे आई आणि बहीण राहतात. मी ठाण्याला. नियम तर आठवड्याला बदलतात, ते पाळायचे तरी किती? काय करू ते सांगा.
– एक मोठी बहीण, ठाणे

उत्तर :

ताई, एरवी मी पत्रं आलेल्या क्रमानं घेते. तुमच्या पत्रातल्या तारखा पाहिल्या आणि ते पुढे घेतलं. आज बुधवार, १५ डिसेंबर २०२१. तुमच्यापुढे एक सरळ वाट अजून उघडी आहे, पण ती दोन दिवसांत बंद होईल, म्हणून आधी तीच सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

भावाला आत्ता फोन करा आणि तिकीट अलीकडे ओढता येतं का ते बघायला सांगा. शनिवारी, १८ तारखेला तो मुंबईत उतरला तर सगळं नियमात बसतं. १ डिसेंबरपासून लागू झालेला केंद्राचा नियम असा आहे : युरोपातल्या देशांतून, म्हणजे ब्रिटनहूनही, येणाऱ्याची उतरल्यावर आरटीपीसीआर होते. अहवाल येईपर्यंत विमानतळावरच थांबायचं. निगेटिव्ह आला की सात दिवस गृह विलगीकरण, आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. तीही निगेटिव्ह आली की माणूस मोकळा, फक्त पुढचे सात दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. उतरल्याचा दिवस मोजायचा की नाही यावर घराघरांत वाद चाललेत. तुम्ही न मोजताच धरा. तरीही आठवा दिवस २६ तारखेला येतो. सकाळी नमुना दिला की संध्याकाळपर्यंत किंवा रात्री अहवाल हातात, आणि २७ ला भाऊ उजळ माथ्यानं मांडवात.

हे सोपं नाही, मला माहीत आहे. नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं खरं तर आजपासूनच सुरू व्हायची होती. कोरोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि तो निर्णय मागे घेतला, आता ३१ जानेवारीपर्यंत बंदी वाढवली आहे. म्हणजे विमानं फक्त एअर बबलच्या, दोन देशांनी आपसात केलेल्या करारातली, जागा मोजक्या, आणि वर नाताळची गर्दी. शुक्रवारी लंडनहून निघायचं तर चाचणीचा नमुना आज-उद्यात द्यायला हवा आणि अहवाल निघायच्या आत हातात पडायला हवा. तिघांना एकत्र जागा मिळत नसेल तर भाऊ-वहिनींनी वेगवेगळ्या विमानांनी यायचा विचार करावा. पैसे जास्त जातील. पण ज्या कन्यादानासाठी हा सगळा खटाटोप आहे, त्यासाठी खर्च करायची हीच जागा आहे. मांडवाच्या फुलांत वाचवा.

आता तिकीट मिळालंच नाही तर काय, ते बोलू. नातेवाइकांचे जे दोन सल्ले तुम्ही कळवलेत, त्यांपैकी पहिला जास्त धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

‘विमानतळावर निगेटिव्ह आला की झालं.’ माझ्या दवाखान्यात गेले दोन आठवडे हेच वाक्य रोज कानावर पडतंय. विषाणू अंगात शिरला की दुसऱ्या दिवशी चाचणीत दिसतो असं नसतं. नाका-घशात त्याची पुरेशी वाढ व्हायला दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. बहुतेकांना लक्षणं पाचेक दिवसांत दिसतात, काहींना दहा-बारा दिवसांनीही. आता भावाचा प्रवास मनात आणा. निघायच्या आदल्या दिवशी तो ऑफिसात जाईल, दुकानात जाऊन भाचरांसाठी चॉकलेटं घेईल, मग गाडीनं लंडनला, तिथे रांगा, मग नऊ-दहा तास विमानात. यात कुठेही संसर्ग झाला असला तर मुंबईत उतरताना चाचणी निगेटिव्हच येणार, आणि ती खोटी नसेल. ती त्या घडीपुरती खरी असेल. विषाणू अंगात वाढलेला आणि दुसऱ्याला देण्याइतका तयार झालेला असेल २५, २६, २७ तारखेला. म्हणजे हळदीला, ग्रहमखाला आणि लग्नाला. आठव्या दिवशीची दुसरी चाचणी सरकारनं उगाच ठेवलेली नाही. पहिल्या चाचणीतून निसटलेला माणूस तिथे सापडावा म्हणून ती आहे.

आणि तो येतोय कुठून, हेही पाहा. ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलंय की ओमायक्रॉनचे रुग्ण तिथे दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होताहेत. परवा, सोमवारी, पंतप्रधान जॉन्सन यांनी या विषाणूनं झालेला तिथला पहिला मृत्यू जाहीर केला. भावाचे दोन डोस झालेत हे फार चांगलं. त्याला स्वतःला गंभीर आजार व्हायची शक्यता त्यानं खूप कमी होते. पण तो विषाणू घेऊन येणारच नाही अशी हमी डोस देत नाहीत, आणि म्हणूनच ब्रिटनहून येणाऱ्यांना, डोस झालेले असोत वा नसोत, नियम एकच आहे.

लांब कशाला, आपल्या पिंपरी-चिंचवडचं उदाहरण घ्या. २४ नोव्हेंबरला नायजेरियातल्या लागोसहून एक बाई आपल्या दोन मुलींना घेऊन भावाला भेटायला आल्या. ज्या देशांहून येणाऱ्यांना हा सात दिवसांचा नियम आहे, त्या केंद्राच्या जोखमीच्या यादीत नायजेरिया त्या वेळी नव्हता, आजही नाही. ५ डिसेंबरला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा अहवाल आला : त्या बाई, त्यांच्या दोन्ही मुली, भाऊ आणि भावाच्या दोन लहान मुली, सहाही जणांना ओमायक्रॉन. भावाची धाकटी अवघी दीड वर्षाची. सुदैवानं कोणालाही किरकोळपेक्षा जास्त त्रास झाला नाही. त्या बाईंना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. भावाला भेटायची ओढ कोणाला नसते? घरातल्या घरात हा आजार कसा पसरतो, ते दिसावं म्हणून सांगते. त्या घरात ६८ वर्षांची मधुमेही आजी असती आणि तिचा दुसरा डोस मे महिन्यातला असता, तर ‘किरकोळ’ हा शब्द मी इतक्या सहज लिहिला नसता. लस घेऊन सात महिने झाले की संरक्षण उतरू लागतं, आणि आपल्याकडे तिसरा डोस अजून सुरूही झालेला नाही.

दुसरा सल्ला आतेभावाचा, दुबईचा. तो तर विसरूनच जा. परदेशातून येणाऱ्यांनी निघण्याआधी ऑनलाइन भरायच्या एअर सुविधाच्या फॉर्मवर ‘कुठून विमानात बसलात’ एवढाच प्रश्न नसतो. मागच्या १४ दिवसांत कोणकोणत्या देशांत होतात, तेही लिहून द्यायचं असतं, आणि दिलेली माहिती खरी आहे म्हणून हमी द्यायची असते. पासपोर्टची प्रत त्याच फॉर्मला जोडायची असते. भावाच्या निघतानाच्या चाचणीचा अहवालच मँचेस्टरच्या प्रयोगशाळेचा असेल, तो काय दुबईचा म्हणून दाखवणार? खोटं उघडकीला आलं तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, भारतीय दंड संहितेचं १८८ कलम आणि मुंबईत प्लेग आला तेव्हा, १८९७ साली केलेला साथरोग कायदा, सगळंच मागे लागतं. पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. फॉर्मवर आसन क्रमांक का विचारतात ठाऊक आहे? विमानातला एखादा प्रवासी नंतर पॉझिटिव्ह निघाला, तर त्याच्या ओळीतले, पुढच्या तीन ओळींतले आणि मागच्या तीन ओळींतले प्रवासी शोधून काढतात. भावाच्या पुढच्या ओळीत कोणी आजारी असेल तर तुम्हाला फोन येणार तो त्या फॉर्मवरच्या नंबरावर आणि पत्त्यावर. तो फॉर्म खोटा भरणं म्हणजे आपल्याच आईपर्यंत पोचणारी सूचना वाटेतच अडवणं.

‘कोणाला कळतंय’ याचंही उत्तर देते. मुलुंड मुंबई महापालिकेच्या टी वॉर्डात येतं. गृह विलगीकरणातल्या प्रवाशांना वॉर्डच्या वॉररूममधून दिवसातून पाच वेळा फोन करायचा आणि सोसायटीलाही पत्र द्यायचं, असं पालिकेनं या महिन्यात ठरवलंय. म्हणजे कळतं. त्यातून मंगल कार्यालयात शेजारी असतात, फोटो काढणारे असतात, वऱ्हाडी स्टेटस टाकतात. गुरुजी मंगलाष्टका म्हणताहेत आणि भाऊ खिशातला फोन घरातून उचलल्यासारखा उचलतोय, हे दृश्य तुम्हाला हवं आहे का? ज्या मुलानं बापाला अखेरचं मोबाइलवर पाहिलं, त्याला बहिणीच्या लग्नात चोरासारखं उभं करू नका.

तुमच्या पत्रातली चीड मला कळते. एप्रिलमध्ये ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं, परतणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात कोंडायचं आणि एकट्या माणसाकडून १,७५० पौंड घ्यायचे असा नियम केला. विमानंही जवळजवळ थांबली. कित्येक घरांतली मुलं आई-वडिलांच्या अखेरच्या दर्शनाला येऊ शकली नाहीत. त्या नियमांनी तुमच्या घरातून जे नेलं ते कोणी परत देणार नाही, आणि आता पुन्हा नियमच आडवे आलेत म्हटल्यावर राग येणारच. शिवाय नियम करणाऱ्यांनी घोळही घातलाय. ३० नोव्हेंबरला आपल्या राज्यानं जाहीर केलं की जोखमीच्या सगळ्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि तीन-तीन चाचण्या. केंद्रानं हरकत घेतली आणि २ डिसेंबरला ते बदलून दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिंबाब्वे या तीनच देशांपुरतं ठेवलं. त्या दोन दिवसांत जे विमानात होते त्यांनी काय समजायचं? माझ्या एका रुग्णाची लेक तेव्हा जर्मनीहून निघाली होती. आई दवाखान्यात बसून मला विचारत होती, मुलगी घरी येणार की हॉटेलात? माझ्याकडे उत्तर नव्हतं, विमान कंपनीकडेही नव्हतं. असं वागणं लोकांच्या विश्वासाला धक्का देणारं आहे, हे स्पष्टच म्हणायला हवं.

पण यादी बदलते म्हणून विषाणूची चाल बदलत नाही. यादीत नसलेल्या लागोसहूनही तो आलाच ना? सरकारनं सात दिवसांचा नियम उद्या रद्द केला, तरी तुमच्या आईकडे पाहून मी तुम्हाला हे सात दिवस पाळायलाच सांगेन.

तर भाऊ २२ लाच येणार असं धरू. पहिली गोष्ट, घराची मांडणी बदला. तुम्ही सगळ्यांनी मिळून मुलुंडच्या घरात राहायचं आणि भावानं एका खोलीत बसायचं, हा बेत मनात असेल तर तो काढून टाका. लग्नघरात ते होत नाही. रुखवताचं सामान आत-बाहेर करणारे, मेंदीवाली, दुधवाला, चहाला आलेली मावशी. दाराची बेल दिवसभर वाजत असते. मुलुंडचं घर सरळ भावाच्या कुटुंबाला द्या आणि आई व नवरी मुलगी यांना २१ तारखेलाच ठाण्याला तुमच्याकडे आणा. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, लग्नाचे दागिने, आईची औषधं, साखर तपासायचं यंत्र, सगळं आठवणीनं आधीच हलवा, म्हणजे ‘जरा एक वस्तू घ्यायला’ म्हणून कोणी मधेच त्या घरात जाणार नाही. फॉर्मवर मुलुंडचाच पत्ता जाऊ दे. सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही स्वतः आधीच सांगा. पालिकेच्या पत्रातून त्यांना कळलं तर कुजबुज होते, तुमच्या तोंडून कळलं तर मदत होते.

छोटीसाठी वेगळी तयारी लागेल. पाच वर्षांखालच्या मुलांची ना निघताना चाचणी होते ना उतरल्यावर, लक्षणं दिसली तरच करतात. त्यामुळे घरातल्यांना वाटतं की लेकरू सुरक्षित. ती तर सगळ्यांत मोठी अडचण आहे, कारण तिला आजीच्या मांडीवर जाऊन बसायचं असणार आणि आजीला तिला सोडवणार नाही. तिला विमानात बसायच्या आधीपासून सांगा की आजी आठ दिवसांनी भेटणार. रंगपेट्या, मातीचा गोळा, गोष्टीची पुस्तकं तुम्ही मुलुंडला ठेवून द्या. आणि आजीला रोज संध्याकाळी इमारतीखाली रिक्षातून आणा. गॅलरीतून नात, खालून आजी, दोघींनी पोटभर बोलावं. मोकळ्या हवेत, एवढ्या अंतरावरून यात काही धोका नाही.

जेवणाचा डबा दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची आणि उतरून जायचं. विमानतळावरही वरात नेऊ नका. एकच गाडी, एकच चालवणारा, त्याला एन-९५ मास्क, आणि काचा खाली. सहारच्या टर्मिनल दोनवर बाहेर पडायला वेळ लागणार हे धरून चाला. फॉर्म तपासतात, नाव नोंदवतात, नमुना घेतात आणि मग अहवालाची वाट पाहत बसवतात. साधी आरटीपीसीआर स्वस्त असते, पण अहवालाला काही तास लागतात. रॅपिड महाग असते, अहवाल लवकर येतो. रात्रभर प्रवास करून आलेलं चार वर्षांचं मूल सोबत असेल तर रॅपिडच करावी असं मी म्हणेन. हो, एक नवी गोष्ट : येत्या २० तारखेपासून जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांनी ही चाचणी एअर सुविधावर आधीच बुक करायची आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा विमानतळांवर ते लागू आहे. भाऊ २२ ला उतरणार म्हणजे त्याला हे करावंच लागेल. फॉर्म भरतानाच उरकून टाकायला सांगा आणि सगळ्याचे कागदी प्रिंट जवळ ठेवायला सांगा. विमानातून उतरून फोनची बॅटरी संपलेली माणसं तिथे किती हवालदिल होतात, ते आलेल्यांकडून ऐकते आहे.

एक अवघड गोष्ट आत्ताच बोलून ठेवा. दोघांपैकी कोणी विमानतळावर पॉझिटिव्ह आलं तर त्याला घरी सोडत नाहीत. मुंबईत मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात नेतात आणि नमुना जनुकीय तपासणीला जातो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, तिथे व्यवस्था आहे. पण दोघंही पॉझिटिव्ह आले तर छोटीला कोण सांभाळणार? ती तेव्हा दोघांच्या निकट संपर्कातली असेल, म्हणजे आजीकडे द्यायची नाही. घरातलं तरुण, दोन्ही डोस झालेलं आणि मधुमेह-दमा काही नसलेलं एक माणूस त्यासाठी आत्ताच ठरवून ठेवा. त्यानं तिच्याबरोबर मुलुंडच्या घरात राहायचं. असा प्रसंग येणार नाही अशीच आशा करू, पण विमानतळावर रात्री दोन वाजता हे ठरवायला लागू नये.

आता लग्नाचं. तिकीट अलीकडे आलं नाही तर तारीख पुढे ढकला. हे लिहिताना मला तुमच्या घरातला गलका ऐकू येतोय : कार्यालय, केटरर, पत्रिका, मुहूर्त. तरीही ढकला. भाऊ २२ ला उतरला, मी सांगितलं तसं मोजलं, तर ३० ला चाचणी आणि ३१ च्या सकाळपर्यंत अहवाल. २ जानेवारीला अमावास्या आहे आणि मग पौष लागतो, म्हणून तुमच्या घरचे ‘पुढे मुहूर्तच नाही’ म्हणतील. गुरुजींना ३१ डिसेंबर किंवा १ जानेवारीचा काढीव मुहूर्त मिळतो का विचारा. गेल्या दीड वर्षात मी कितीतरी लग्नं अशा मुहूर्तांवर लागलेली पाहिली आहेत, आणि संसार छान चाललेत. ते कार्यालय मिळणार नाही कदाचित, मग सोसायटीच्या आवारात किंवा एखाद्या मोकळ्या जागेत करा. उघड्यावर लग्न केलेलं तसंही जास्त बरं. माणसं कमी बोलवा आणि येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही डोस झालेत ना, ते आधी विचारा. राज्याच्या २७ नोव्हेंबरच्या आदेशाप्रमाणे समारंभाला येणाऱ्यांचं लसीकरण पूर्ण असणं बंधनकारकच आहे.

आणि मुलाकडच्यांनी तारीख बदलायला साफ नकार दिला तर? तर २७ लाच लग्न होऊ दे, आणि कन्यादान तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी करा. आईला हे पटवायला वेळ लागेल. त्यांनी भावाला पुढे केलंय ते रीत म्हणून कमी आणि एप्रिलमध्ये जे हुकलं ते भरून काढायला जास्त, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांना सांगा की तोच मुलगा हा आजार त्यांना देऊन गेला तर उरलेलं आयुष्य तो ते ओझं वाहील. कानपिळी आणि लाजाहोमातल्या लाह्या चुलतभाऊ-मामेभाऊ करू शकतात. भाऊ-वहिनी मुलुंडच्या घरी नटूनथटून पडद्यासमोर बसू देत. मग ३१ ला अहवाल आला की १ तारखेला जावई-मुलीला माहेरी बोलवा, सत्यनारायण घाला, आणि पूजेला भाऊ-वहिनीलाच बसवा.

परतीचंही त्याच्या कानावर घाला, नाहीतर जानेवारीत पुन्हा धावपळ होईल. ७ डिसेंबरपासून ब्रिटननं नियम केलाय की तिकडे जाण्याआधी दोन दिवसांच्या आत चाचणी करून निगेटिव्ह अहवाल दाखवावा लागतो. बारा वर्षांखालच्यांना तो नाही. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पीसीआर आणि निकाल येईपर्यंत घरात. त्यात काही बदल झाला का, हे निघायच्या आठवडाभर आधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्ते बघू नका. माझ्याकडे आलेल्यांतले निम्मे अजून ऑक्टोबरचेच नियम सांगताहेत.

राहिला मुलाकडच्यांशी बोलायचा प्रश्न. तो फोन तुम्ही किंवा आईनं करू नका. कन्यादान करणारा भाऊ आहे, तर तारीख बदलायची विनंतीही त्यानंच करावी. सात दिवस का थांबावं लागतंय, आईची तब्येत कशी आहे आणि एप्रिलमध्ये काय झालं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं व्याह्यांना सांगावं. आज रात्री तिकिटाचं काय होतं ते कळेल. जमलं नाही तर उद्या सकाळी आपल्या वेळेनं दहा वाजायच्या आत हा फोन गेला पाहिजे, म्हणजे त्यांच्या घरीही पाहुण्यांना कळवायला पुरेसे दिवस मिळतील.